मास्तरांना विचारलंच नाही

"बाबांना फक्त अल्सर आहे." हे वाक्य थोरल्या लेकीनं घरात सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. बाबा म्हणजे टेलरमास्तर. त्यांच्या जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता, आणि हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या घरांतून असंच चालतं, नाही का? ज्याचं दुखणं, त्यालाच अंधारात ठेवायचं आणि त्याला माया म्हणायचं!

नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा रुग्णालयातल्या सिस्टरनी थोरलीला बोलावलं. गाठीवर नेमका मारा करणारी दोन औषधं एकत्र देऊन पाहण्याची चाचणी सुरू होती. मास्तर चाचणीच्या अटींत बसत होते.

"गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून त्यांना सगळं सांगून त्यांचीच सही घ्यावी लागते."

"मीच करते की सही! कॅन्सर म्हटलं की ते हाय खातील."

"ताई, शरीर त्यांचं आहे. तुम्ही त्यांचं दुःख वाचवत नाही, त्यांचा निर्णय काढून घेताय."

थोरली तणतणत घरी आली. आज सांगू, उद्या सांगू करत सात आठवडे गेले. मास्तर एक जिना चढताना दोनदा खाली बसले, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. ती दुकानात गेली. ते मशीनवर एका पँटची कंबर आत घेत होते.

"बाबा, तो अल्सर नाहीये," एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मास्तरांनी मशीन थांबवलं. "अगं, ही पँट माझीच आहे. चौथ्यांदा आत घेतोय. जन्म गेला मापं घेण्यात, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे एवढं मन लावून खोटं बोलत होता! म्हटलं, तुम्हालाच झेपायचं नाही."

चाचणीचं ऐकून ते म्हणाले, "जाऊ या. मला नाही तर दुसऱ्या कुणाला उपयोग होईल."

त्यांनी सगळे कागद वाचून घेतले, बारा प्रश्न विचारले आणि सही केली. तपासण्या झाल्या. चार दिवसांनी सिस्टरनी दोघांना समोर बसवलं. यकृत फार थकलं होतं. मास्तर आता अटींत बसत नव्हते.

"आणि सात आठवड्यांपूर्वी?" थोरलीनं विचारलं.

"तेव्हा घेतलं असतं. गुण आला असता की नाही, ते कुणीच सांगू शकत नाही."

मास्तरांनी थोरलीच्या पाठीवर हात ठेवला आणि सिस्टरना विचारलं, "आता दुखणं कमी करायला काय देता? हिला नको, मला सांगा."

मंडळी, रोगापुढे माणूस हतबल असतो, हे खरंच. पण आपल्या माणसाला त्याच्याच आजाराबद्दल विचारणं, एवढं तरी आपल्या हाती असतं. ते वेळेवर विचारा! थोरलीला ते सात आठवडे आता कुणीही परत देऊ शकत नाही.