अख्खाच वाढणार

थोरलीने शेपटी फडक्यात घट्ट धरली, सुरी उलटी केली आणि माशाच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे खसकन ओढली. खवले तडातडा उडाले. एक घड्याळाच्या काचेवर जाऊन चिकटला, दोन आत्याच्या चष्म्यावर, उरलेले तिच्या स्वतःच्या केसांत. लाकडी फळीवर मासा मावतच नव्हता. डोकं एका बाजूने बाहेर, शेपटी दुसऱ्या.

“अगं, हळू जरा,” आत्या म्हणाली. “मेलाय तो बिचारा. आणखी किती मारशील?”

“त्याच्यावर नाही राग माझा.”

आत्याने पदराने चष्मा पुसला. राग कुणावर आहे हे तिला ठाऊक होतं. तो बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पाय पसरून मोबाइल चाळत बसला होता. थोरलीचा भाऊ, घरातला धाकटा, शहरात टायरचं दुकान टाकलेला. सकाळच्या बसने तो आला होता तो वडिलांची नाव विकायला. चार वाजता गिऱ्हाईक येणार, बाबा डाव्या हाताने सही करणार आणि नाव ट्रकवर चढणार. आता साडेअकरा होत आले होते.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून नाव धक्क्याला नुसती बांधून आहे, कुजत चालली आहे, असं धाकटा जगभर सांगत असे. नुसती बांधून? गेले सात महिने दर रविवारी पहाटे थोरली तीच नाव सोडून तळ्यात जात होती. आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात शर्टांना कॉलर लावायच्या आणि सातव्या दिवशी वल्ही मारायची. सात महिन्यांत तिला मिळालं काय, तर बोटाएवढे मासे, तळहाताला घट्टे आणि एकदा सणसणीत सर्दी. मासे मांजर खायचं. धाकटा फोनवर हसून विचारायचा, “काय ताई, मांजरीचं बाळसं कसं आहे?” आणि ही फोन आत्याच्या हातात द्यायची.

आज मात्र लागला. उजाडण्याआधी गळाची दोरी अशी काही ओढली गेली की बोट कापून निघालं. पाऊण तास ती त्याच्याशी झगडली, दोनदा त्याला शिव्या घातल्या, एकदा स्वतःला. शेवटी दोन्ही हातांनी कवटाळून त्याला नावेत घेतलं आणि त्याच्यावर चक्क बसली. घरी आली तेव्हा कपडे चिखलाने भरलेले, खांद्यावर मासा आणि तोंडभर हसू. धाकटा नुकताच येऊन चहा पीत होता. त्याने मासा बघितला, मग तिच्याकडे बघितलं.

“बाजारात फार गर्दी होती का गं?”

एवढंच म्हणाला तो. हसलाही नाही. थोरलीच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे उतरलं.

“गळाने काढलाय. तोंडात खूण आहे बघ.”

“बाजारातलेही गळानेच काढतात, ताई. तू सात महिन्यांत एक धड मासा आणला नाहीस, आणि नेमका आज एवढा मोठा? मी काय कुक्कुलं बाळ आहे?” मग जरा नरमून म्हणाला, “एक काम कर. बाबांना दाखव. ते कल्ले उघडून बघतील आणि सांगतील. ते म्हणाले ताजा, तर मी गप्प.”

बाबा तिथेच होते, खिडकीखालच्या खाटेवर. नावेचा विषय निघाला की ते भिंतीकडे तोंड करत. आत्ताही तसेच पडून होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. “आण इकडे, बघू” एवढं म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण पाठ काही वळली नाही, आणि थोरलीला भावाच्या टोमण्यापेक्षा ती पाठ जास्त लागली.

“मी परीक्षेला बसलेली नाही,” ती म्हणाली. “मासा दाखवायला नाही आणला. खायला आणलाय. आणि आज तुकडेबिकडे नाहीत. अख्खा शिजवणार आणि अख्खाच वाढणार. नाव विकायची तर हा खाऊन विका.”

बोलून तर बसली. आता स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती आणि अख्खा मासा कसा शिजवतात याचा तिला पत्ता नव्हता.

“तुला तरी माहीत आहे का गं, आत्या?”

“मला कुठून माहीत असणार? या घरात मोठा मासा चुलीपर्यंत आलाय कधी? तुझा बाप तो परस्पर बाजारात द्यायचा. आपल्या वाट्याला किडूकमिडूक. तळलं की संपलं.”

हे खरं होतं. मासेमाराच्या घरात दोघी पिकल्या होत्या, एक साठीला आली होती, दुसरी चाळिशीला, आणि दोघींनी मिळून एक मोठा मासा कधी शिजवला नव्हता. थोरलीला एकदम हसू आलं. आत्याही हसली. मग दोघी कामाला लागल्या.

पंख कापायला सुरी चालेना, तेव्हा थोरलीने शिवणाच्या टोपलीतली मोठी कात्री काढली. त्याच कात्रीने पोट उघडलं, आतलं सगळं काढून टाकलं, रक्त धुतलं. आत लसूण ठेचून भरला, मीठ, मिरपूड, लिंबाच्या चकत्या. पोट मिटेना. सुईत जाड दोरा ओवून तिने ते शिवून टाकलं. वीस वर्षं कॉलरी शिवलेला हात. टाके असे बारीक आणि सारखे पडले की बघत राहावं.

“आता एखादं काजबटणही कर,” आत्या म्हणाली.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडून तिने सकाळीच एक लांब ट्रे मागून आणला होता, पाव भाजायचा. तो शेगडीच्या दोन्ही बर्नरवर आडवा ठेवला, तेल ओतलं, तेल चांगलं तापू दिलं आणि दोन्ही हातांनी मासा त्यात सोडला. चर्र आवाज झाला, वास घरभर सुटला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जमतंय की!

मिनिटभरच जमलं. मग शेपटी हलली.

“अगं बाई!” आत्या दोन पावलं मागे सरकली. “जिवंत आहे की काय!”

शेपटी हळूहळू वर उठत होती. तिकडून डोकंही. मधलं अंग ट्रेला चिकटलेलं आणि दोन्ही टोकं वर. थोरलीने झाऱ्याने शेपटी दाबली, तर डोकं उठलं. डोकं दाबलं, तर शेपटी. तिने ताट पालथं घातलं आणि त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. मासा ताटाखालून वाकायचा तो वाकलाच, बत्ता घरंगळून खाली पडला आणि आत्याचा अंगठा थोडक्यात वाचला. पाठीवरची कातडी टर्रकन फाटली. पंखाचे उरलेले काटे ताठ उभे राहिले. डोळा पांढरा होऊन बाहेर आला.

सात महिने घासल्यावर एक मासा मिळतो आणि त्याची ही अशी दशा करून ठेवायची. थोरलीने तो परतला तर दुसऱ्या बाजूनेही तेच. आता तो पाळण्यासारखा दोन्ही टोकांनी उचललेला होता.

“खराब तर नव्हता ना गं?” आत्याने हळूच विचारलं.

थोरली गर्रकन वळली.

“म्हणजे तुलाही बाजारातलाच वाटतोय?”

“तसं नाही म्हणत मी. पण हे असं कधी बघितलंय का आपण? अजून वेळ गेलेली नाही. तुकडे कर, वर कोथिंबीर घाल. ताटात कुणाला कळतंय?”

धुराने डोळे चुरचुरत होते. धुराने आणि नुसत्या धुराने नाही. तेवढ्यात धाकटा दारात येऊन उभा राहिला. ट्रेकडे बघून त्याने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून निसटलंच.

“ताई, हे काय केलंस? अगं, नाव चालवणं म्हणजे याहून अवघड असतं. मासा धड सरळ राहत नाही तुझ्याच्याने.” मग त्याला तिच्या तोंडाकडे बघून वाईट वाटलं असावं. तसा तो दुष्ट नव्हता. “राहू दे ना. मी बाहेरून काहीतरी मागवतो. तू हातपाय धू. सकाळपासून राबते आहेस.”

ही दया तिला टोमण्यापेक्षा जास्त झोंबली. तिने नाक बाहीला पुसलं, गॅस बंद केला आणि दोन फडकी घेऊन ट्रेचे दोन्ही कान धरले.

“काही मागवायचं नाही. वाकडा तर वाकडा. काढला मी, साफ केला मी, शिजवला मी. सरक बाजूला, चटका बसेल.”

बाबांना आत्याने खुर्चीत बसवलं, समोर टेबल ओढलं, गळ्याशी पंचा बांधला. थोरलीने ट्रे आणून दणकन टेबलावर ठेवला. डोकं वर, शेपटी वर, पाठ फाटलेली, पोटाला टाके. इतका ओबडधोबड मासा या टेबलावर कधी आला नसेल. भाताचं पातेलं बाजूला, चार ताटल्या, लिंबू.

बाबांना आता भिंतीकडे वळायची सोय नव्हती. त्यांनी बघितलं.

बघत राहिले. मग डावा हात पुढे करून त्यांनी वर उठलेली शेपटी बोटाने खाली दाबली आणि सोडली. शेपटी पुन्हा होती तिथे गेली. त्यांनी फाटलेल्या पाठीतून मांसाचा एक पापुद्रा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. थोरली उभीच होती. तिने ठरवलं होतं की विचारायचं नाही, आणि तिने विचारलं नाही.

“वाकडा झालाय, बाबा,” धाकटा म्हणाला. “तिला जमला नाही. पण पोटात मसाला घातलाय, चव बरी असेल.”

“वाकणारच,” बाबा म्हणाले.

वर्षभरात ते जेवताना बोलले नव्हते. आत्याचा डाव भातातच राहिला.

“आम्ही तळ्याकाठी मुक्काम करायचो ना,” बाबा धाकट्याकडे बघून म्हणाले. शब्द जड येत होते, पण ते थांबत नव्हते. “काढला की तिथेच विस्तवावर. अस्साच उठून बसायचा. ताज्याच्या अंगात ताठा असतो. बर्फात पडून आलेला बघ, तो मुकाट झोपून राहतो. याला तर अर्धा दिवसही झालेला नाही.” मग त्यांनी पहिल्यांदा मान वळवून लेकीकडे बघितलं. “पहाटेचा ना?”

“उजाडायच्या आधीचा,” थोरली म्हणाली.

धाकटा माशाकडे बघत राहिला, मग ताईच्या कापलेल्या बोटाकडे. ते सकाळपासून तिथेच होतं, चिंधी गुंडाळलेलं. त्याचे कान लाल झाले. बराच वेळ त्याने भातात बोटं फिरवली.

“ताई,” तो म्हणाला, “चुकलो मी.” आणि थोड्या वेळाने, “मग चारच्या माणसाला काय सांगू, बाबा?”

“सांग, नाव कामावर आहे.”

एवढं बोलून बाबांनी ताटली पुढे केली. थोरलीने पोटाकडचा मऊ भाग काढून वाढला, काटे बघून. आत्याला वाढला, धाकट्याला वाढला, मग स्वतः बसली आणि पहिला घास तोंडात टाकला. मीठ जरा कमी पडलं होतं. कुणी मागितलं नाही.

निम्मा मासा संपला तेव्हा धाकटा फोन घेऊन अंगणात गेला. त्याचा आवाज येत होता, “नाही हो, नाही, विकायची नाही आता...” बाबांनी दाराकडे एक नजर टाकली, खुर्चीतल्या खुर्चीत जमेल तेवढे लेकीकडे झुकले आणि आवाज खाली आणला.

“कुठे लागला गं?”

थोरलीचा घास हातातच थांबला. चाळीस वर्षं धक्क्यावरच्या ज्या त्या माणसाने बाबांना हे विचारलं होतं. सोबत्यांनी विचारलं, व्यापाऱ्यांनी विचारलं, आईने मरेपर्यंत विचारलं. आपली जागा त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. सगळ्यांना एकच उत्तर मिळायचं. आणि बाबांनी हे आजवर कुणाला विचारल्याचंही तिने ऐकलं नव्हतं.

तिने दातात अडकलेला काटा सावकाश काढला, ताटलीच्या कडेला ठेवला आणि बापाच्या डोळ्यांत बघितलं.

“पाण्यात,” ती म्हणाली.

बाबा क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना अर्ध्या तोंडाने असं काही हसू फुटलं की भाताचा ठसका लागला, आणि आत्या “अरे देवा, पाणी आण कुणीतरी” म्हणत त्यांची पाठ बडवायला धावली.