उघड्या पंखाचे चित्र

मित्रांनो, पक्ष्यांच्या एखाद्या जुन्या, जाडजूड पुस्तकात लाल डोक्याचा, निळ्या पंखांचा पोपट पाहिलात, तर तो मीच. पुस्तकात मी ऐटीत उडतो आहे. प्रत्यक्षात मी पिंजऱ्यात बसून तुमच्याशी बोलतो आहे.

आमच्या जातीचे चित्र तोवर कोणी काढलेच नव्हते. पाखरे पकडणाऱ्या एका माणसाने फांदीला झाडाचा चिकट चीक लावून मला धरले आणि चित्रकाराच्या घरी आणून दिले. चित्रकार पेन्सिलीने रेघा काढी, त्याची धाकटी बहीण रंग भरी. माझा निळा तिला काही केल्या साधेना. वाटीत रंग कालवायची, कागदावर ठिपका द्यायची आणि वैतागायची, "छे, हा तर धुवून विटलेल्या कापडासारखा दिसतोय!"

चित्र मागवणारा शास्त्रज्ञ एकदा येऊन म्हणाला, "पंख पूर्ण उघडलेला हवा. आणि चित्र झालं की पक्षी माझ्याकडे. पेंढा भरून कपाटात ठेवतो."

"अहो, जिवंत आहे तो!" बहीण म्हणाली.

"जिवंत पक्षी हलतो, बाई. नीट मोजता येत नाही."

दुसऱ्या दिवशी चित्रकाराने माझा पंख ताणून फळीला दोऱ्याने बांधला. मी ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतले.

"दादा, सोड त्याला. पंख मोडेल."

"थांब गं, शेवटची पिसं राहिलीत."

मी जिवाच्या आकांताने हिसका दिला. खांद्यात कट्कन आवाज झाला. तिने धावत येऊन दोरा कापला. चित्रकार खाली मान घालून उभा राहिला.

शास्त्रज्ञ मला न्यायला आला, तेव्हा तिने मला त्याच्या पुढ्यात धरले. "हा असा लोंबता पंख कपाटात ठेवणार? लोक हसतील तुम्हाला." त्याने नाक मुरडले आणि नुसते चित्र घेऊन गेला. माझा जीव वाचला.

चित्राचे फार कौतुक झाले. इकडे ती रोज मला खिडकीच्या चौकटीवर ठेवी. "जा रे राजा," म्हणे. समोरच्या झाडावर माझेच भाईबंद कलकलाट करत. मी पंख उचलायचो. एक उघडायचा, दुसरा नाही. मग मुकाट्याने चालत पिंजऱ्यात परत जायचो. दार तिने कधीच लावले नाही. लावायची गरजच नव्हती.

मित्रांनो, आमचे रंग बघायची हौस आली, तर झाडाखाली उभे राहून वर बघा. आम्ही हलू, पानांत लपू, धड दिसणारही नाही. मान दुखेल. दुखू द्या, पण आम्हाला खाली आणू नका.