मागची गाडी

मास्तरांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि पुन्हा खाली ठेवून दिला. माझं कार्ड त्यांच्यासमोर उघडं होतं. एकशे अठ्ठावन्न किलोमीटर झाले होते, चार वाजत आले होते, आणि मला फक्त तो शिक्का आणि बाटलीभर पाणी हवं होतं.

"ताई, तुमच्या मागे गाडी आहे," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. पेट्रोल पंपाच्या पलीकडे झाडाखाली आमची पांढरी गाडी उभी होती. आत आमचे हे.

आमच्या या सायकल राइडला नियम मोजकेच. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वाटेतल्या टेबलांवर कार्डावर शिक्के घ्यायचे, आणि मधल्या रस्त्यावर आपल्या माणसाची गाडी सोबत ठेवायची नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं, भूक लागली तर दुकान आपण शोधायचं. मागे गाडी दिसली की नाव बाद. मास्तर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. गाडीच्या खिडकीतून एक केळं घेतलं म्हणून त्यांनी चांगल्या धडधाकट गड्यांना बाद केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

बायकांचे कपडे शिवणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. चौदा महिन्यांपूर्वी माझी बायपास झाली. पट्टी निघाली तेव्हा मी सगळ्यात आधी टाके पाहिले. काम बरं होतं, फक्त शेवटच्या दोन टाक्यांत घाई झाली होती. त्यानंतर मात्र माणसांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. डॉक्टर ह्यांच्याकडे बघून म्हणायचे, "यांना जपा." मी समोर बसलेली असायचे. गिऱ्हाइकं कपडे टाकताना "घाई नाही हो" म्हणायला लागली आणि घाईचे कपडे समोरच्या दुकानात द्यायला लागली. मुलीने तर मला न विचारता माझी सायकल माळ्यावर चढवली. ती मी एकटीने खाली काढली, त्यावरूनही घरात दोन दिवस अबोला झाला.

मी काही वेड्यासारखी सुटले नव्हते. आधी गल्लीतल्या गल्लीत, मग दहा, मग चाळीस, मग शंभर. त्याच डॉक्टरांनी मला मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून, छातीला तारा लावून तपासलं आणि जा म्हणाले. ठोके एकशेतीसच्या वर गेले की उतरायचं, एवढी एकच अट. मनगटावरचं घड्याळ ठोके दाखवतं. सकाळपासून चढावर दोनदा उतरून चालले होते. त्यात लाज कसली?

"मला माहीत नव्हतं," मी मास्तरांना म्हणाले.

ते त्यांना पटलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले की माझी परिस्थिती बघता ते शिक्का मारतील, कुणाला कळणार नाही. हा तोच आवाज होता. सगळे माझ्याशी हल्ली ज्या आवाजात बोलतात, तो.

"दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं?" मी विचारलं.

"बाद केलं असतं."

"मग मलाही करा."

 मास्तरांनी पेन काढलं, माझ्या नावावर सरळ रेघ मारली, खाली सही केली आणि कार्ड स्वतःकडे ठेवून घेतलं.  त्या कार्डासाठी मी वर्षभर पहाटे उठत होते.

मी गाडीपाशी गेले. ह्यांनी काच खाली केली. मागच्या सीटवर घडीची खुर्ची, चादर, थर्मास आणि माझ्या रिपोर्टांची फाइल. सकाळी मी निघाले तेव्हा हे घोरत होते. ते सोंग होतं हे आता कळलं.

"जवळ नाही आलो मी," हे म्हणाले. "अर्धा किलोमीटर सोडून होतो. हॉर्नसुद्धा वाजवला नाही."

तीस वर्षं बस चालवलेला माणूस. पुढच्या गाडीपासून अंतर राखण्यात हयात गेली. अंतर राखलं की झालं, असंच ह्यांना वाटत होतं. या राइड करायला लागल्यापासून मी नऊ वर्षं जेवताना हे नियम सांगत आले होते आणि हे नऊ वर्षं मान डोलवत आले होते.

"बाद झाले मी. तुमच्यामुळे."

 हे म्हणाले, "ऑपरेशनच्या दिवशी सहा तास बंद दारापुढे बसलो होतो. आत काय चाललंय, काही दिसत नव्हतं. आज निदान तुझी पाठ दिसत होती."

एरवी माझे डोळे भरले असते. त्या दिवशी मी आणखीच भडकले.

"त्या दिवशी तुम्ही बसलात, मला मान्य आहे. पण आजचा दिवस माझा होता. घरी जा. वाटेत कुठेही थांबायचं नाही."

ह्यांनी गाडी सुरू केली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी इंडिकेटर लावून वळले आणि गेले.

मी बाटली भरून घेतली. मास्तर म्हणाले, "ताई, आता पुढे कशाला जाता?"

"राइड दोनशेची आहे ना?" म्हटलं आणि निघाले.

खरं सांगायचं तर भीती वाटली. पहिले वीस किलोमीटर मी सारखी मागे बघत होते. रस्ता रिकामा होता. शेवटच्या चढावर घड्याळात एकशेएकतीस दिसले, उतरले, चालले, पुन्हा बसले. सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना पोचले, वेळ संपायला चाळीस मिनिटं होती. टेबलावरच्या माणसाने कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर त्याला काय करावं कळेना, त्याने मला पाणी दिलं.

तिथून आमचं घर चार किलोमीटर. हे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, पायात बूट तसेच. साडेपाचपासून असेच बसलेत, दारही उघडलेलं नाही, असं खालच्या वहिनींनी मला हळूच सांगितलं.

"दोनशे?" ह्यांनी विचारलं.

"दोनशेचार."

हे उठले, पण सायकलला हात लावू की नको म्हणून तसेच उभे राहिले. माझा राग गेला नव्हता. अजून गेलेला नाही.

"पुढच्या महिन्यात पुन्हा आहे," मी म्हणाले. "तुम्ही घरी राहायचं."

"राहीन."

मी दारासाठी किल्ली मागितली. ह्यांनी मूठ उघडली. किल्लीचे दाते तळहातात खोल, लाल उमटले होते.