उभ्या पानाची पुडी

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. आयुष्यभर पुड्या बांधल्या, सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या. निवृत्त झाले तरी बोटांना चैन पडेना. मग त्यांनी गच्चीवर कमळ लावलं आणि त्यालाही पुड्या सुरू केल्या.

कुंडी कसली, टबच तो. काळा, रुंद, बुडाला भोक नसलेला. लहानपणीचा दादा आत बसून डुंबला असता एवढा. निम्म्यापर्यंत चिकणमाती, वर वीतभर पाणी. बाबा खताचे दाणे चमच्याने मोजायचे, वर्तमानपत्राच्या चौकोनावर ओतायचे. तीन घड्या, एक टोक आत, झालं. ना डिंक ना दोरा. मग बाही सारून ती पुडी कोंबापासून दूर, चिखलात तळाशी सरकवायची.

"दाणे पाण्यात सुटले तर शेवाळ्याची चंगळ," म्हणायचे. "कागद हळूहळू भिजला की औषध लागू पडतं."

आणि एक पथ्य. पहिली पानं पाण्यावर लोळतात, त्यांना काही द्यायचं नाही. पाण्याबाहेर मान काढून तीन पानं उभी राहिली की पहिली पुडी. "तोवर त्याची शिदोरी कंदात असते. भरल्या पोटी वाढलं तर बाधतं."

"माझ्या डोकेदुखीची एवढी चौकशी केलीत का कधी?" आई विचारायची.

"तुझी पानं जन्मापासून उभीच आहेत."

हे सगळं मला पाठ होतं. तरी बाबा गेले त्या वर्षी मी चुकले. दोनच पानं पाण्यावर आली होती, पिवळट, बशीएवढी. वाटलं, पोरकं झालंय, उपाशी आहे. तीन पुड्यांचं खत एकदम घातलं, तेही मोकळं, कारण ती घडी मला कधी जमलीच नाही. आठवड्यात पानांच्या कडा जळल्या. टब उपसला तर कंद कुजून लिबलिबीत. बोटभर तुकडा तेवढा टणक निघाला, टोकाला हिरवा कोंब असलेला.

"मायेनं मारलंस बघ," दादा म्हणाला. चिडून नाही, म्हणून जास्त लागलं. बाबांच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं.

माती बदलून तो तुकडा पुन्हा लावला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर जायचं, मोजायचं. लोळणारी चार पानं झाली. हात शिवशिवायचा. खालून आईचा आवाज यायचा, "चमचा खाली ठेव."

मग एक पान पाण्याबाहेर आलं, दोन्ही कडांनी आत गुंडाळलेलं. घडी घातल्यासारखं. मग दुसरं. तिसरं उभं राहिलं त्या सकाळी मी कागद घेऊन बसले. तीनदा बांधली, तीनदा उलगडली.

आई गुडघे धरत वर आली. पदराआडून तिने एक पिवळी पडलेली पुडी काढली. "शिवणाच्या डब्यात होती. कमळाची, शेवटची."

तीन घड्या, एक टोक आत. मी ती तळहातावर धरून बसले.

"ही राहू दे, आई. ठेवू या."

"औषध आहे ते, फोटो नाही."

"पण त्यांच्या हातची घडी आहे."

आई टबाच्या काठावर टेकली. "दवाखान्यात गर्दी असली की कागद घरी आणायचे. निम्म्या पुड्या मी बांधायचे, तुम्ही झोपलेले असायचात. पुढे कमळाच्याही. ही त्यांची की माझी, मलाही सांगता यायचं नाही." आणि माझ्यासमोरचा कागद ओढून तिने, बघता बघता, दुसरी पुडी बांधून ठेवली.

मी बाही सारली. पाणी वर कोमट, खाली गार. तळहातावरची जुनी पुडी चिखलात तळाशी नेली, आणि हात तिथेच राहिला.

"सोड आता," आई म्हणाली. "मुठीत धरून लागू नाही पडायचं."

बोटं उघडली. हात निथळत वर आला, तो साडीच्या पदराने तिनेच पुसला, आणि माझ्या पुढ्यात कागदाचा नवा चौकोन सरकवला.

"हं. पहिली घडी घाल."