गेटवर अडवलेली रिंग

कारखान्यात माझं नाव कुणी घेत नाही. समोर ‘बाई’ म्हणतात, पाठीमागे ‘वीस डिग्री’. मापाच्या खोलीत बारा महिने वीस डिग्री तापमान ठेवावं लागतं आणि त्या खोलीत मी बसते, म्हणून. माझ्या स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही असं मला वाटतं. बाकीच्यांचं मत वेगळं असेल.

खोलीचे नियम सोपे आहेत. चपला-बूट बाहेर. डबा, चहा आणि गप्पा बाहेर. आणि मशीनवरून आलेला प्रत्येक नग तासभर काळ्या दगडी पाटावर ठेवायचा, मगच मोजायचा. धातू गरम झाला की फुगतो, गार झाला की आकसतो. डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या मशीनला दिसतं. हे शाळेत सगळ्यांना शिकवलेलं असतं आणि कारखान्यात आल्यावर सगळे सोयीस्कर विसरतात. मग कुणीतरी धावत येतो, ‘बाई, एवढा एक पटकन बघा ना.’ पटकन बघायचं तर त्याला देवाने डोळे दिलेत. माझ्याकडे कशाला यायचं?

यंदा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर इंटर्न म्हणून एक मुलगी आली. सगळे तिला ‘नवी’ म्हणायचे. इंटर्न म्हणजे काय, तर शिकायला आलेला माणूस, आणि शिकायला आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी झाडू देतात. नवीने मशीनच्या पोटातला धातूचा कीस उपसला, कापताना धातू गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या, टाक्या धुतल्या, नगांच्या धारा कानशीने मारल्या. मशीनला हात लावायची वेळ येईपर्यंत तिच्या अंगाला कूलंटचा असा वास लागला होता की ती दाराबाहेर उभी असली तरी मला आत कळायचं. कुरकुर मात्र नाही. मला कुरकुर न करणारी माणसं संशयास्पद वाटतात, त्यामुळे मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

तिचे वडील आमच्याच गेटवर बसतात. सगळे त्यांना टर्नरकाका म्हणतात, कारण पूर्वी ते हाताच्या लेथवर टर्नर होते. त्यांनी उतरवलेले नग मी मोजलेले आहेत. कौतुक करायची मला सवय नाही, म्हणून एवढंच सांगते की त्यांचा नग आला की मी चष्मा पुसायची तसदी घेत नसे. पुढे सीएनसी आली, हाताचे लेथ भंगारात गेले आणि टर्नरकाकांना गेटवर खुर्ची मिळाली. काम एकच : तपासल्याशिवाय माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्या खुर्चीवर ते असे बसतात की बघणाऱ्याला वाटावं, कारखानाच त्यांच्या परवानगीने आत थांबला आहे.

सीएनसीवर त्यांचा राग होता. “दार लावून घ्यायचं आणि बाहेर उभं राहायचं. ह्याला काम म्हणतात?” हे त्यांनी मला, फोरमनला, ट्रकवाल्यांना आणि एकदा तर पाण्याची मोटर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं होतं. आणि त्याच मशीनवर त्यांची स्वतःची लेक. दोघं एकाच स्कूटरवरून यायची. संध्याकाळी ती बाहेर पडताना रोज एकच प्रश्न, “दाबलीस बटणं?” ती म्हणायची, “दाबली.” की दोघं निघाली. माझ्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून गेट दिसतं आणि खिडकीची फट बुजवायचा अर्ज मी कधीचा दिलाय, तो अजून मंजूर झालेला नाही, म्हणून ऐकूही येतं.

मला त्या माणसाचा राग यायचा. स्पष्टच सांगते. एक शब्द बरा बोलला असता तर जीभ झिजली असती का?

इंटर्नशिप संपायच्या दिवशी आमच्याकडे एक पद्धत आहे. इंटर्नला एक काम पूर्ण एकट्याने करायला द्यायचं. हत्यारं त्यानेच लावायची, माप जिथून सुरू होतं ते शून्य त्यानेच धरायचं, प्रोग्राम आधी धातू न लावता हवेत चालवून बघायचा, आणि मग पहिला नग. तो माझ्याकडे पास झाला तर दुसऱ्या दिवसापासून नोकरी. नापास झाला तर प्रमाणपत्र, हस्तांदोलन आणि घरचा रस्ता. पूर्वी दुसरी संधी देत असत. एका इंटर्नने दुसऱ्या संधीत मशीनचा टरेट, म्हणजे हत्यारं धरणारं फिरतं डोकं, वाकवला, तेव्हापासून देत नाहीत.

नवीला अ‍ॅल्युमिनियमची रिंग मिळाली, पंपात बसणारी, तळहातात मावेल एवढी. पहिली रिंग पास झाली की उरलेला अख्खा लॉट तिनेच काढायचा आणि तो संध्याकाळच्या ट्रकने जायचा होता.

जेवणाच्या सुट्टीआधी तिने रिंग काढली. सुट्टी संपल्यावर ती माझ्या दारात आली, मागे फोरमन साहेब. रिंग तिच्या मुठीत होती.

“पाटावर ठेव,” मी म्हणाले. “तासाभराने बघू.”

“बाई, ट्रक लागलाय,” फोरमन म्हणाले. “आणि रिंग मशीनवरून उतरून तास होऊन गेला. कूलंटखाली कापलेली आहे. गारच असणार.”

हिशेब चुकीचा नव्हता. फोरमन घाईचे आहेत, पण मूर्ख नाहीत. मी हातमोजे चढवले, रिंग मशीनवर ठेवली आणि मोजली.

मोठी आली. केसाच्या सहाव्या हिश्शाइतकी, पण मोठी. माझ्या मशीनचा पडदा अशा वेळी लाल होतो. तो तिघांनाही दिसला, त्यामुळे मला तोंडाने काही सांगावं लागलं नाही.

फोरमननी सुस्कारा सोडला. माणूस वाईट नाही. त्यांना नवी हवी होती, त्यांच्या पाळीत दोन जण कमी होते. पण पद्धत ती पद्धत. “ठीक आहे,” ते म्हणाले. “जायच्या आधी मशीनच्या ऑफसेटमध्ये कापायचं माप तेवढं कमी कर. उरलेला लॉट दुसरं कुणीतरी काढेल.”

“नाही करणार,” नवी म्हणाली.

फोरमनना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “काय?”

“कमी केलं तर सगळ्या रिंगा लहान येतील. साहेब, मशीन बरोबर आहे.”

“मग ही मोठी का आली?”

नवी गप्प. तिला उत्तर माहीत होतं, हे तिच्या तोंडावर छापलेलं होतं. पण ते सांगण्यापेक्षा ती नोकरी सोडायला तयार होती. कूलंटच्या टाक्या धुताना कुरकुर न करणारी मुलगी आत्ता कुरकुर करायची हक्काची वेळ आली तरी तोंडातून ब्र काढेना. माझं डोकंच फिरलं.

“बाई, पुन्हा मोजा,” फोरमन म्हणाले. “म्हणजे माझ्या मनाला रुखरुख लागायला नको.”

पुन्हा मोजली. आकडा मघापेक्षा कमी.

तिसऱ्यांदा मोजली. आणखी कमी.

माझं मशीन एकदा सांगितलेली गोष्ट बदलत नाही, त्या बाबतीत ते माझ्यावर गेलंय. रिंग तीच, मशीन तेच आणि आकडा उतरतोय. म्हणजे रिंग आमच्या डोळ्यांदेखत आकसत होती. म्हणजे ती गरम होती.

“मशीनवरून उतरून तास झाला, मग गरम कशी?” फोरमननी नवीला विचारलं. “कुठे होती ही?”

“हातात.”

“तासभर?”

“हो.”

मी हातमोजा काढला आणि तिचा हात धरला. गारठलेला होता, एखाद्या नळासारखा. सकाळपासून कूलंटमध्ये बुडालेले आणि वर भीतीने थिजलेले ते हात चहाचा कपसुद्धा गरम ठेवू शकले नसते.

“ह्या हातात नव्हती,” मी म्हणाले.

नवीने हात सोडवून घेतला. फोरमन एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. तेवढ्यात गेटवरून टर्नरकाकांचा फोन आला. ट्रकवाला घाई करत होता. फोरमन फोनवर म्हणाले, “थांबवा त्याला जरा. इथे घोडं अडलंय. तुमच्या लेकीची रिंग मोठी आली, टर्नरकाका.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

टर्नरकाका आले तेव्हा त्यांनी बूट दाराबाहेर काढले, न सांगता. इतक्या वर्षांनी आले होते, पण पाय पुसायचं फडकं कुठे टांगलेलं असतं ते त्यांनी वर न बघता हाताने शोधलं. मग आत येऊन उभे राहिले.

“रिंग माझ्याकडे होती,” ते म्हणाले. “सुट्टीभर.”

“बाबा,” नवी म्हणाली.

“तू गप्प बस.”

फोरमननी डोक्याला हात लावला. “गेटवर? काका, न तपासलेला माल गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही, ह्यासाठी तर तुम्ही तिथे आहात!”

“बाहेर कुठे गेला? गेटवर आला. मी अडवला.”

“अडवला म्हणजे?”

“हातात घेतला.”

नियमाच्या पुस्तकात ह्याचं उत्तर असेल असं मला वाटत नाही. नवी मान खाली घालून उभी होती. आता मला समजलं, ती एवढा वेळ का गप्प होती. बापाला दाखवायला तिने न तपासलेला नग गेटपर्यंत नेला हे बाहेर आलं असतं तर त्याची खुर्ची गेली असती. आणि बाप स्वतःच जिना चढून ती खुर्ची पणाला लावायला आला होता.

“रिंग पाटावर ठेवते,” मी म्हणाले. “तास लागेल. ट्रकवाल्याला चहा पाजा. माप माझ्या खोलीत घ्यायचं असतं ना? मग माझ्या नियमाने घ्यायचं. मघाशीच घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.”

फोरमनना ट्रककडे जायचं निमित्त होतं, पण ते गेले नाहीत. आम्ही चौघं तासभर त्या खोलीत बसलो. टर्नरकाकांना थंडी वाजायला लागली, तेव्हा मी माझा जास्तीचा स्वेटर त्यांना दिला. तो जांभळा आहे आणि त्याच्या खिशावर बदक आहे. भाचीने दिलेला आहे. त्यांनी तो घातला, बदकासकट. नवी दगडाशेजारी उभी राहून रिंगेकडे बघत होती, पण हात पाठीमागे बांधून. सगळ्यांना रिंगेपासून लांब राहायची एकदम फार काळजी वाटायला लागली होती.

मधेच फोरमननी विचारलं, “नापास झाली तर?”

“तर मी चुकले,” नवी म्हणाली. “मग मी जाईन.”

तास झाला. मी हातमोजे घातले. रिंग मशीनवर ठेवली. मशीनचं टोक हळूहळू खाली येतं, नगाला टेकतं, उठतं, दुसरीकडे टेकतं. एरवी मला ते फार भरभर वाटतं.

पडदा हिरवा झाला. माप अगदी मधोमध नव्हतं, जरा खालच्या अंगाला होतं, पण हद्दीत होतं. ऑफसेटला हात लावला असता तर अख्खा लॉट भंगारात गेला असता.

फोरमननी पडदा वाचला. मग पुन्हा वाचला. “जा,” ते नवीला म्हणाले. “लॉट काढ. आणि उद्या वेळेवर ये, इंटर्नसारखी दहा मिनिटं आधी नको. तू आता कामगार आहेस.” मग टर्नरकाकांकडे वळून म्हणाले, “तुमचं मी काहीही बघितलेलं नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. नवीने रिंगेसाठी हात पुढे केला, मग मागे घेतला, मग दगड पुसायचं फडकं उचललं. काहीतरी करायला हवं होतं तिला.

टर्नरकाका स्वेटर काढत होते. बदक उलटं झालं होतं. फोरमन दारात थांबले. त्यांना राहवेना.

“पण काका, एक सांगा. तुम्ही जन्मभर टर्नर. मोजायच्या आधी नग हातात धरायचा नाही, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग खाली ठेवायची ना.”

टर्नरकाकांनी स्वेटरची घडी घातली. नीट घातली, बाही बाहीला लावून. “ठेवत होतो,” ते म्हणाले. “दोनदा ठेवायला गेलो. ठेववेना.”

ते स्वेटर माझ्या खुर्चीवर ठेवून बाहेर गेले, बूट घालून जिना उतरले. फोरमनही गेले. नवी माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि स्वच्छ असलेला दगड पुन्हा पुन्हा पुसत होती. तिचे खांदे हलत होते. माणसाने अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं, पण मला ते जमत नाही.

“दगडावर पाणी पडू देऊ नकोस,” एवढंच म्हणाले मी.