पाठीवरची तिसरी चिठ्ठी

हॉलमध्ये चाळीस पाठी रांगेत बसल्या होत्या. त्यांना माणसंही जोडलेली होती, पण लेपमहाराजांना त्यांच्यात फारसा रस नव्हता. "तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही," असं म्हणून ते सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवत.

पद्धत सोपी होती. अंगावर चट्टे उठलेल्याने संशयातल्या चौघांची नावं चार चिठ्ठ्यांवर लिहून, घडी घालून एकेक हातात द्यायची. महाराज डोळे मिटून विचारत, "ही कुणाची, बेटा?" नाव ऐकलं की चिठ्ठीला वाटीतला कापराच्या वासाचा लेप फासून ती पाठीवर पट्टीने डकवत. "आणि यांतल्या कुणाशी जास्त खटके उडतात?" हे मात्र ते लेप फासण्याआधीच सहज, तब्येत विचारावी तसं विचारून घेत. दोन दिवस अंघोळ बंद. मग जिच्याखाली कातडी लाल, तिच्यावरच्या माणसाने केलेली बाधा.

त्या दिवशी पार्लर चालवणाऱ्या थोरलीच्या पट्ट्या निघाल्या. सासू सुटली, नणंद सुटली, समोरच्या पार्लरची मालकीणही सुटली. तिसऱ्या चिठ्ठीखाली मात्र लालबुंद चौकोन, वर टपोरे फोड.

"जाऊ!" महाराजांनी चिठ्ठी वाचली. हॉल हळहळला. थोरलीला इथं घेऊन आलेल्या नवऱ्याने मागून हात जोडले.

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, अकरा वर्षं एकत्र पार्लर चालवत होत्या. केस कापणं धाकटीकडे, रंगवणं थोरलीकडे. सहा महिन्यांपासून थोरलीचे हात मनगटापर्यंत सोलवटत होते.

"आजपासून माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही," घरी येताच ती म्हणाली.

"मी काय केलं, ताई?"

"पाठीनं सांगितलंय."

"मग तिलाच विचारते. फिरा जरा."

थोरली फिरली नाही. धाकटीने डोळे पुसले आणि महिनाअखेरीला आपण निघतो, एवढंच सांगितलं.

जाऊ लांब लांब राहू लागली, पण हात बरे होईनात. शेवटी एका गिऱ्हाइकाने हात बघून स्वतःचं डोकं मागे घेतलं, तेव्हा थोरली कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्यांनीही पाठच मागितली. 'बघ, इथंही तेच,' अशा समाधानाने नवऱ्याने मान डोलावली.

"हा चौकोन कसला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. थोरलीने सगळं सांगितलं.

"भाजल्याची खूण आहे ही. कच्चा लसूण वाटून दोन दिवस बांधला तर कुणाचीही पाठ अशी होईल. त्याला शत्रू लागत नाही, पाठ पुरते."

कापराच्या आड स्वयंपाकघराचा वास आला होता खरा, हे थोरलीला आत्ता आठवलं.

चौकोन सोडून डॉक्टरीणबाईंनी छोट्या चकत्या ओळीने चिकटवल्या. एकीत केसांच्या रंगातलं रसायन, एकीत अत्तरातलं, काहींत रबरातली. "माप ठरलेलं असतं. ज्याला ॲलर्जी नाही, त्याच्या कातडीला सहसा काही होत नाही. ज्याला आहे, त्याची कातडी बोलते." दोन दिवसांनी चकत्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पाठ पुन्हा पाहिली. रंगाची जागा साफ होती. रबराची लाल, खरखरीत.

"हातमोजे घालता?"

"सहा महिने झाले. रंगाने हात खराब होऊ नयेत म्हणून धाकटीनं आणून दिले."

नवरा खुर्चीतून उठलाच. "म्हणजे जाऊच! महाराज बरोबर बोलले!"

"रबर प्रेमाने दिलंय की रागाने, हे कातडीला कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोजे बदला. आणि महाराजांनी मोज्यांचं नाव घेतलं होतं का?"

नवरा बसला. वाटेत थोरली त्याला म्हणाली, "तुमची पाठ रिकामीच आहे. या वेळी चिठ्ठ्या मी लिहिते."

नवऱ्याने महाराजांना खाजेची तक्रार सांगितली आणि थोरलीने लिहिलेल्या घड्या एकेक हातात देत चार नावं घेतली. खटके कुणाशी? तिसऱ्या चिठ्ठीतल्या, ऑफिसातल्या साहेबांशी. दोन दिवसांनी भर गर्दीत पट्ट्या निघाल्या. तिसरी जागा लालबुंद! महाराजांनी थाटात चिठ्ठी उलगडली आणि घाईघाईने पुन्हा घडी घातली.

"वाचा ना मोठ्यानं," थोरली म्हणाली. "पाठ खोटं बोलत नाही ना?"

शेजारच्या म्हाताऱ्या बाईने चिठ्ठी ओढून वाचली, "लेपमहाराज."

"उरलेल्या तीनही उघडा, आजी. चारी चिठ्ठ्यांवर हेच नाव आहे. मग फोड एकाच जागी कसे? आणि लेपाच्या वाट्या दोन कशाला?"

आजींनी दोन्ही वाट्या हुंगल्या. "अगं, ह्यात लसूण आहे!"

"हा श्रद्धेचा अपमान आहे!" महाराज गरजले.

"मग लावा तुमच्या पाठीला," मागून कुणीतरी म्हणालं. महाराजांना अचानक ध्यानाची वेळ झाली आणि ध्यानासाठी ते मागच्या दाराने गेले.

थोरली पार्लरमध्ये आली तेव्हा धाकटी कात्र्या गुंडाळत होती.

"रबरानं झालं हे. मोज्यांच्या."

धाकटीचा चेहरा उतरला. "मी आणलेल्या?"

"तुला काय माहीत असणार? पण मी तरी तुला विचारायचं होतं. पाठीवर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही."

धाकटीने गुंडाळी सोडली. मग तिने कात्र्या परत मांडल्या. थोरलीचे हात तीन आठवड्यांत बरे झाले. दोघींचं बोलणं सुरळीत व्हायला त्याहून बरेच दिवस लागले.

तेव्हा कुणी लाल पाठ दाखवून आपल्याच माणसाचं नाव सांगू लागलं, तर आधी एवढंच विचारावं: कागदाला काय फासलंत? आणि तेच बाकीच्या कागदांना का नाही फासलं?