पॉलिशमधला हिरा

दगडाचे कागदाहून पातळ काप काढून ते आरशासारखे चकचकीत करायचं काम आमच्या प्रयोगशाळेत माझी धाकटी नणंद करते. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाही. मी यंत्रं बनवते. कापातल्या कणावर लेसरचा प्रकाश सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ते कुठलं खनिज आहे ते ओळखायचं. अगदी बारीक कणांपुढे जुनं यंत्र हात टेकतं. माझं नवं यंत्र तिथंच जिंकायला हवं होतं, पण ते किती तरी महिने माझा अंत पाहत होतं. त्या संध्याकाळी विभागप्रमुख येणार होते. जुन्याला दिसत नाही असं काही दाखवा, नाहीतर यंत्र मोडीत काढा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

दुपारी मी एक जुनाच काप नव्या यंत्राखाली ठेवला. पडद्यावर उंच, अणकुचीदार रेघ उभी राहिली. हिऱ्याची!

साध्या काळ्या दगडात हिरा? माझे पाय जमिनीवर ठरेनात. नणंदेला ओढत आणलं, दोघी अक्षरशः नाचलो. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, बरं झालं तूच शोधलास, माझा खर्च वाचला.

मग दुसरा कण सापडला, तिसरा सापडला. सगळे एकाच ओरखड्यात. मी नणंदेकडे वळले.

"पॉलिशला काय वापरलं होतंस?"

"हिऱ्याची पावडर," ती म्हणाली आणि तिचं तोंड उतरलं. "पण मी काप नीट धुतला होता गं, वहिनी."

आम्ही डोक्याला हात लावून बसलो. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच काप जुन्या यंत्राखालून कितीदा गेला होता, पण ही पावडर त्याला एकदाही दिसली नव्हती. मला हवं होतं ते समोरच होतं. फक्त ते दाखवायचं, तर नणंदेची चूक चारचौघांत सांगावी लागणार होती. तिच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. नको असेल तर राहू दे, मी म्हटलं. म्हणताना जीव तुटत होता.

ती आपल्या टेबलाकडे निघून गेली.

संध्याकाळी प्रमुख आले. मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे झाली. काप आधी जुन्या यंत्राखाली ठेवला, मग नव्या.

"सर, ही जी रेघ दिसतेय ना, ती माझी चूक आहे. जुन्या मशीननं ती इतकी वर्षं झाकून ठेवली."

प्रमुखांचा विश्वास बसेना. तिनं काप नेला, ब्रशनं घासघासून धुतला आणि परत ठेवला. रेघ गायब झाली होती.

प्रमुखांनी खुर्ची यंत्राजवळ ओढली.

"पुढचा काप आणा," ते म्हणाले.